ज्ञचा खण

आमच्या वाचनालयात कार्डांचं एक सागवानी कपाट आहे. खण साठ. प्रत्येक खणावर पितळी चौकट आणि चौकटीत अण्णांच्या हातचं एकेक अक्षर. पहिल्यावर ‘अ’, अगदी खालच्या ओळीत उजवीकडे ‘ज्ञ’. अण्णा आमचे ग्रंथपाल. 1978 साली विसाव्या वर्षी इथे लागले, ते अजून आहेत. सकाळी कुलूप उघडलं की देवाला नमस्कार करायच्या आधी त्या कपाटावरून फडकं फिरवतात.

2018 सालच्या उन्हाळ्यात कार्यकारी मंडळानं ठरवलं की वाचनालयाची यादी संगणकावर आणायची. 12 ऑगस्ट हा रंगनाथन यांचा जन्मदिवस, आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी उद्घाटन करायचं. मी तेव्हा कार्यवाह होतो. पैसे नव्हते, पण भाचा होता. केदार पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि सुट्टीला आला होता. म्हणाला, “मामा, काही खर्च नाही. लिनक्स फुकट, सर्व्हर फुकट, मी फुकट.” मंडळाला हा तिसरा फुकट सगळ्यात आवडला.

एका जुन्या संगणकावर त्यानं उबुंटू चढवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा दोघांना समोर बसवून डेटाबेसचा सर्व्हर बसवला. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली : सुडो ॲप्ट इन्स्टॉल मायएसक्यूएल-सर्व्हर. पांढऱ्या ओळी सरसर वर गेल्या. अण्णांनी चहा मागवला, तो यायच्या आत काम झालं होतं.

“झालं अण्णा. सर्व्हर बसला.”

“बसला? कुठे बसला?” अण्णांनी खुर्चीकडे बघितलं.

केदार हसला. मग त्यानं दुसरी ओळ लिहिली : क्रिएट डेटाबेस ग्रंथालय. पडद्यावर उत्तर उमटलं : क्वेरी ओके, वन रो अफेक्टेड.

“हा आपला पहिला डेटाबेस.”

“एवढ्यात?” अण्णा म्हणाले. “मला पहिली दाखल नोंदवही आखायला चार दिवस लागले होते. कोणता रकाना केवढा ठेवायचा, हरवलेल्या पुस्तकाचं काय करायचं, सगळं ठरवावं लागलं. तू काय काय ठरवलंस?”

“यात ठरवायचं काही नसतं, अण्णा. सगळं डिफॉल्ट असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण काही सांगितलं नाही, तर ते स्वतःच ठरवून घेतं.”

“आणि त्याला कोणी सांगितलं?”

केदारनं ऐकलं नाही. तो तिसऱ्या ओळीत होता. मी ऐकलं होतं, पण म्हाताऱ्यांच्या प्रश्नांना आपण जसं हं म्हणतो तसं हं म्हटलं.

दोन दिवसांत त्यानं पुस्तकं नोंदवायचा फॉर्म तयार केला. दाखल अंक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत. चाचणीसाठी अण्णांनी ‘ययाति’ दिलं. केदारनं नाव टाइप करून बटण दाबलं आणि पडदा लाल झाला. इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू, असं काहीतरी. पुढे ‘ई-शून्य ए-चार’ छापाची अगम्य अक्षरं.

केदारनं इंटरनेट उघडलं. कुणीतरी कुणालातरी दिलेला सल्ला सापडला : सर्व्हरची ‘एसक्यूएल मोड’ ही सेटिंग रिकामी करा. त्यानं ती रिकामी केली, सर्व्हर बंद करून परत चालू केला आणि ‘ययाति’ पुन्हा टाकलं. हिरवी पट्टी आली : नोंद जतन झाली. मी त्याच्या मागेच उभा होतो. ती लाल ओळ आमच्या दोघांपैकी कुणीच शेवटपर्यंत वाचली नव्हती, आणि पाठीवर थाप मारून शाब्बास म्हणणारा मीच होतो. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढची सगळी चूक पोराच्या नावावर जाईल.

सोमवारपासून कनिष्ठ महाविद्यालयातल्या दोन मुली, स्नेहल आणि पूजा, नोंदी करायला बसल्या. एकीनं वहीतून वाचायचं, दुसरीनं टाइप करायचं, तासाला अदलाबदल. बटण दाबलं की हिरवी पट्टी यायची आणि फॉर्म कोरा व्हायचा. सहा दिवसांत 618 पुस्तकं झाली. मुलींनी वहीत पेन्सिलीनं बारीक टिकल्या केल्या होत्या, त्यावरून आकडा कळला. शनिवारी संध्याकाळी मंडळाचे चारपाच जण जमले. केदारनं यादीचं पान उघडलं.

डावीकडे दाखल अंक एकाखाली एक नीट लागलेले. किमती नीट, वर्षं नीट. आणि नाव, लेखक, प्रकाशक या तिन्ही रकान्यांत वरपासून खालपर्यंत प्रश्नचिन्हं. दुसरं काही नाही. पाच प्रश्नचिन्हं, आठ प्रश्नचिन्हं, सात, मग जागा, मग दोन.

अध्यक्ष म्हणाले, “फॉन्टचा प्रॉब्लेम असेल.” असं प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हणतंच. फॉन्टचा नव्हता. केदारनं थेट सर्व्हरमध्ये जाऊन तपासलं. तिथेही प्रश्नचिन्हंच साठवलेली होती. झाकलेलं काही नव्हतं, जे होतं ते तेवढंच होतं.

मंडळी गेली. अण्णा चष्मा पुसून पडद्याजवळ आले आणि मोजायला लागले. केदारनं हळूच सांगितलं, “अण्णा, अख्खं अक्षर मोजू नका. मात्रा वेगळी, हलन्त वेगळा, अनुस्वार वेगळा. प्रत्येकाचं एक चिन्ह पडलंय.” अण्णांनी ओठ हलवत परत मोजलं.

“सात आणि दोन. हे ‘श्यामची आई’ असावं.” वहीत बघितलं, होतं. “नऊ आणि तीन… ‘बटाट्याची चाळ’.” तेही होतं. सगळे जरा हसले. मग अण्णा एका ओळीवर थांबले. “पाच. ‘ययाति’.”

“कशावरून?” स्नेहलनं विचारलं. “‘कोसला’ पण पाचच होतंय.”

अण्णांनी बोटं दुमडून मोजलं. क, ओकार, स, ल, काना. पाच. खांडेकर आणि नेमाडे एकाच मापाच्या पाच प्रश्नचिन्हांत बसले होते. त्यावर कुणी हसलं नाही. पूजा पेन्सिलीच्या टिकल्या खोडायला लागली होती. केदार उठून बाहेर नळावर गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला.

रात्री तो झोपला नाही. सकाळी चहा न घेताच माझ्याबरोबर वाचनालयात आला आणि अण्णांसमोर उभा राहिला.

“अण्णा, तुम्ही विचारलं होतं ना, त्याला कोणी सांगितलं म्हणून?”

“कशाला?”

“सर्व्हरला. आपण काही सांगितलं नाही तर काय करायचं ते. स्वीडननं सांगितलं.”

मला वाटलं पोराला जागरण बाधलं. पण गोष्ट खरी होती. मायएसक्यूएल 1995 च्या सुमाराला एका स्वीडिश कंपनीनं घडवला. आम्ही बसवली ती त्याची 5.7 ही आवृत्ती. तिला डेटाबेस करताना अक्षरसंच सांगितला नाही, तर ती ‘लॅटिन-वन’ धरून चालायची आणि शब्दांचा क्रम लावायला स्वीडिश क्रम. त्या लॅटिन-वनमध्ये जागा मोजून 256. त्यात इंग्रजी बसते, फ्रेंच, जर्मन, स्वीडिश बसतात. देवनागरीला एकही जागा नाही. पुढच्या 8.0 आवृत्तीत, त्याच वर्षीच्या एप्रिलपासून, हे बदललं होतं. पण उबुंटूच्या भांडारातून आमच्याकडे आली ती जुनीच.

“म्हणजे यंत्रानं आपल्याला फसवलं,” मी म्हणालो.

“नाही ना, मामा. तेच तर.” केदारचा आवाज बारीक झाला. “त्यानं पहिल्याच पुस्तकाला सांगितलं होतं. ती लाल ओळ. ‘ही अक्षरं माझ्याकडे मावत नाहीत, मी घेणार नाही,’ असं तो म्हणत होता. मी त्याला म्हटलं, तक्रार करू नकोस, जमेल तसं घे. मग त्यानं जमेल तसं घेतलं. जे मावलं नाही, त्याच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह ठेवलं.”

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “स्वीडिश क्रम म्हणजे कसा रे?”

हा प्रश्न मला कधीच सुचला नसता. चाळीस वर्षं खण लावलेल्या माणसालाच तो सुचतो. केदारनं सांगितलं की स्वीडिश भाषेत डोक्यावर वर्तुळ किंवा टिंबं असलेली तीन अक्षरं आहेत. दिसायला ती ए आणि ओ यांच्यासारखी, पण त्यांना ए आणि ओच्या शेजारी बसवत नाहीत. ती झेडच्याही नंतर, अगदी शेवटी येतात.

अण्णांचा चेहरा उजळला. “म्हणजे त्यांचेही शेवटचे खण वेगळे! मग त्यांचं काय चुकलं? त्यांनी त्यांच्या वाचकांसाठी नीट विचार करून ठरवलं. ठरवलं नाही ते आपण.” आणि त्यांनी ‘ज्ञ’चा खण ओढून केदारच्या पुढ्यात ठेवला. “संगणक राहू दे आठ दिवस. आधी इथे बस.”

पुढचे आठ दिवस केदार कपाटाशी बसला. अण्णा नाव सांगायचे, त्यानं कार्ड काढून द्यायचं. “क्षीरसागर, श्री. के.” तो ‘क’चे सगळे खण धुंडाळून आला. मिळालं खालच्या ओळीत, ‘क्ष’मध्ये. “पळशीकर.” त्यानं ‘प’चा खण उघडला, पवारांच्या आधी शोधलं, पण पळशीकर पवारांच्या नंतर होते. आपल्या वर्णमालेत ह झाल्यावर ळ, मग क्ष, मग ज्ञ. शाळेत सगळ्यांनीच म्हटलेलं असतं, पण ते पाठांतर म्हणून. त्यावर कुणाची पुस्तकं शोधायची पाळी येत नाही.

“पण अण्णा, क्ष म्हणजे क आणि षच ना? ‘क’मध्ये ठेवला तर काय बिघडलं?”

“काही बिघडत नाही. संस्कृत कोशात तो ‘क’च्या पोटातच असतो. त्यांनी तसं ठरवलं, त्यांचा वाचक तसं शोधतो. आपला वाचक आठवीतला मुलगा आहे. तो शेवटी शोधतो. कुठलंही ठरव, पण ठरव. आणि ठरवलंस की खणावर लिही.”

त्याच आठ दिवसांत अण्णांनी त्याला दाखल नोंदवही वाचायला शिकवली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी 1978 साली लिहिलेले नियम अजून आहेत. दाखल अंक एकदा दिला की दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही, मग पहिलं पुस्तक वाळवीनं खाल्लं तरी. पान फाडायचं नाही. पुस्तक बाद झालं तर लाल शाईनं आडवी रेघ, समोर कारण, सही आणि तारीख, पण खालचं नाव वाचता आलं पाहिजे. केदार ते पान वाचून म्हणाला की एका सत्रात कॉलेजनं प्रायमरी की, युनिक कन्स्ट्रेंट असं जे काही शिकवलं, ते या पानावर आहे. अण्णांनी याचा अर्थ विचारला नाही. पण त्या संध्याकाळी ते माझ्याकडे चाळीस वर्षांत एकही अंक दोनदा न पडल्याचा विषय काढून गेले. ते मुद्दाम सांगण्यासारखंच होतं.

दुसऱ्यांदा सर्व्हर बसवायचा ठरला तेव्हा केदारनं आधी एक फुलस्केप कागद घेतला आणि टाइप करायच्या आधी लिहून काढलं : अक्षरसंच कोणता, क्रम कोणता, कोणता रकाना रिकामा चालेल, किल्ली कुणाकडे. या वेळी त्यानं पोस्टग्रेएसक्यूएल निवडला. मायएसक्यूएललाही सांगितलं असतं तर त्यानं देवनागरी नीट ठेवली असती, हे त्यानं स्वतःच कबूल केलं. पण पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत मराठीचा क्रम तयार मिळतो, असं त्यानं वाचलं होतं. हा सर्व्हर बर्कलीच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी 1986 साली सुरू केलेल्या प्रकल्पातून वाढला. चिन्ह हत्तीचं. अण्णांना हत्ती पसंत पडला.

बसवायला पुन्हा एकच ओळ लागली. पण डेटाबेस करायच्या आधी तो थांबला. “अण्णा, इथेही साचा असतो. नवा डेटाबेस म्हणजे ‘टेम्प्लेट-वन’ नावाच्या एका तयार डेटाबेसची नक्कल. साच्यात जे असेल ते आपल्यात येणार. म्हणून आधी साचा बघू.” त्यानं यादी मागवली. अक्षरसंचाच्या रकान्यात यूटीएफ-8 होतं, म्हणजे देवनागरी मावणार होती. शेजारी क्रमाच्या रकान्यात ‘सी डॉट यूटीएफ-8’. ते आमच्या यंत्राच्या मांडणीतून आलं होतं. त्याचा अर्थ असा की वर्णमाला बघायची नाही, अक्षराला दिलेल्या संकेतांकाचा आकडा बघायचा.

मग परीक्षा. अण्णांनी कपाटातून सहाच कार्डं काढली होती. टेबलावर त्यांच्या क्रमानं मांडली : खांडेकर, जोशी, पवार, पळशीकर, क्षीरसागर, ज्ञानेश्वर. केदारनं तीच सहा नावं एका तात्पुरत्या तक्त्यात भरली आणि क्रमानं मागितली. पडद्यावर आलं : क्षीरसागर, खांडेकर, जोशी, ज्ञानेश्वर, पळशीकर, पवार.

अक्षरं सगळी स्वच्छ, क्रम परका. युनिकोडमधली देवनागरी 1988 च्या इस्की या भारतीय संकेतावर बेतलेली आहे. तो संकेत अनेक भारतीय लिप्यांना एकाच चौकटीत बसवणारा, त्यामुळे ळ तिथे लच्या शेजारी जाऊन बसला. क्ष आणि ज्ञ यांना तर स्वतंत्र जागाच नाही, ते तुकड्यांनी बनतात, म्हणून आपापल्या पहिल्या तुकड्यामागे जातात. चौकट करणाऱ्यांच्या दृष्टीनं तेही योग्यच होतं. अण्णा नुसते कार्डांकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत होते.

केदारनं तक्ता पुसला आणि लेखकाचा रकाना नव्यानं घडवला. या वेळी रकान्याच्या व्याख्येतच त्यानं क्रमाचं नाव घातलं : कोलेट, एमआर-आयएन-एक्स-आयसीयू. सहा नावं परत भरली, परत मागितली.

खांडेकर, जोशी, पवार, पळशीकर, क्षीरसागर, ज्ञानेश्वर.

अण्णांनी एकेका कार्डावर बोट ठेवत पडद्यावरचं नाव वाचलं. शेवटच्या कार्डाशी आल्यावर बोट तिथेच राहिलं. मग त्यांनी सहाही कार्डं गोळा केली आणि उठून ज्याच्या त्याच्या खणात ठेवून आले.

पुढचं भराभर झालं. पोस्टग्रेसच्या मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड पाकिटात बंद होऊन तिजोरीत गेला. मुलींसाठी वेगळं खातं, त्याला नोंदी करता येतात पण तक्ता मोडता येत नाही. रोज रात्री एक प्रत पेन ड्राइव्हवर. फॉर्मनं नोंद जतन केली की ती डेटाबेसमधून परत वाचून समोर दाखवायची, नुसती हिरवी पट्टी नाही. आणि सर्व्हर काही म्हणाला तर त्याचं वाक्य जसंच्या तसं पडद्यावर येऊ द्यायचं. 12 ऑगस्टला उद्घाटन झालं नाही. अध्यक्षांनी पाहुण्यांना आमंत्रण दिलं होतं, ते महिनाभर माझ्याशी धड बोलत नव्हते.

सप्टेंबरात केदार शनिवार-रविवार येऊन जाऊन होता. अशाच एका रविवारी दुपारी स्नेहलनं हाक मारली. “दादा, हे परत लाल झालं. बंद करता येतं का?”

मी केदारकडे बघितलं. तो स्टूल ओढून तिच्याशेजारी बसला. “थांब. काय म्हणतोय ते वाचू आधी.” त्यानं बोट ठेवून एकेक शब्द वाचला. डुप्लिकेट की व्हॅल्यू. दाखल अंक 4117 आधीच अस्तित्वात आहे.

“तू दोनदा टाकलंस का?”

“नाही. वहीतच दोनदा आहे.”

वही मधे आली. 1981 सालचं पान. पानाच्या शेवटच्या ओळीत 4117, एक कादंबरी. पान उलटलं, पहिल्या ओळीत पुन्हा 4117, एक पाकशास्त्र. त्यापुढे 4118, 4119, सरळ. पान उलटताना एक अंक पुढे जायचा राहिला होता. शाई एकच, अक्षर एकच. खणांवरच्या अक्षरांसारखंच ठसठशीत.

केदारनं वही मिटायला हात पुढे केला. “अण्णा, मी यात काहीतरी करतो. एकाला ‘अ’ लावू…”

“नको.”

अण्णांनी वही आपल्याकडे ओढली. चष्मा काढून डोळ्यांजवळ नेऊन दोन्ही पानं बघितली. मग ड्रॉवरमधून लाल पेन काढलं, पाकशास्त्राच्या अंकावर आडवी रेघ ओढली, खालचा आकडा वाचता येईल अशी. समासात लिहिलं : चुकून दुबार. नवा अंक वहीच्या अखेरीस पाहा. सही केली.

“आज तारीख काय रे?” त्यांनी केदारला विचारलं.